दत्तू, तू लहान इंजिन घे म्हणालास

दत्तू, तुझ्या दहाव्याला आलो तेव्हा मी नुसता दुःखी होतो. परत निघालो तेव्हा कानशिलं तापली होती. तुझा धाकटा भाऊ सोपान म्हणाला होता, शोकसभेत तुमी दोन शब्द बोला. मी नको म्हणालो. मला जे बोलायचं होतं ते तुझ्या मुलीसमोर, गावासमोर बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं आहे, म्हणून घरी बसून लिहितोय.

आपली ओळख माझ्या पडलेल्या विमानामुळे झाली. मी तेव्हा कासारवाडीत एका खोलीत राहायचो, कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला होतो, आणि सुट्टीच्या दिवशी रिमोटवरची छोटी विमानं उडवायला मोकळी जागा शोधत चाकणच्या बाजूला भटकायचो. महाळुंग्याच्या शिवारात माझ्या विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं आणि ते तुझ्या कांद्याच्या वाफ्यात जाऊन कोसळलं. मी धावत आलो तर तू ते हातात धरून उभा होतास. एक पंख मोडलेला, नाकावरचं इंजिन अजून गरम. मला वाटलं, आता शिव्या बसणार. तू इंजिनाला नाक लावलंस.

"एरंडेल पाजतोस व्हय ह्याला?"

"मेथॅनॉलमध्ये मिसळावं लागतं," मी म्हणालो. "नाहीतर जाम होतं."

"आमच्या आजीनं आमाला लई पाजलं. आमी न्हाई कधी उडालो."

मी हसायच्या ऐवजी कांद्याची माफी मागत बसलो. तू म्हणालास, कांदा काय, परत येईल, ह्याचा पंख कसा जोडायचा ते दाखव. त्या दिवशी मी तुझ्या ओसरीवर भाकरी खाऊनच घरी गेलो.

पुढं तुला नाद लागला, आणि असा लागला की शोभावहिनी मला सवतीसारखं बघायच्या. इंजिनं ओळखायला मी तुला शिकवलं. नंबर लहान तर इंजिन लहान, पंधरा, पंचवीस, सेहेचाळीस, असं वर चढत जायचं. मी तुला समजवायचो की विमान आधी ठरवावं, त्याचा पंख किती, वजन किती, उतरायला जागा किती, आणि मग त्याला झेपेल तेवढंच इंजिन घ्यावं. मोठं इंजिन लावलं म्हणून विमान चांगलं उडत नाही. नाक जड होतं, उतरताना वेग आवरत नाही. तू मान डोलवायचास आणि मग मोठंच घ्यायचास. पंचवीसच्या विमानाला तू सेहेचाळीस ठोकलंस तो दिवस आठवतो का? ते सरळ वर गेलं, खाली आलं ते थांबायचं नाव घेईना, बांध ओलांडून शेजारच्या गोठ्यात घुसलं. म्हैस सुटून पळाली. तू बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास आणि म्हणालास, "पण गेलं कसं, बघितलंस न्हवं?"

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक हे आपलं भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही. तुला टू स्ट्रोकची ती किंचाळी आवडायची, कारण ती पार गावात ऐकू जायची. मला फोर स्ट्रोकचा आवाज आवडायचा, मोठा पंखा सावकाश फिरवणारा, दुरून बुलेट येतेय असं वाटायला लावणारा. "म्हातारा खोकल्यासारखा आवाज," तू म्हणायचास. आणि मी चिडून "तुला काय कळायलंय" म्हणालो की माझ्या परभणीच्या बोलीची नक्कल करायचास. आजूबाजूची पोरं बॅटरीची, थर्माकोलची विमानं उडवायला लागली तेव्हा मात्र आपण दोघं एका बाजूला होतो. बॅटरीच्या विमानाला वास नाही, या एकाच मुद्द्यावर आपण त्यांना निकालात काढलं.

कांद्याच्या वावराला लागून एक लांब पट्टी तू आपल्यासाठी पडीक ठेवलीस. स्वतः ट्रॅक्टर घेऊन रोलर फिरवलास, दगड वेचलेस, गवत वाढलं की कापून ठेवायचास. चारी बाजूंनी कारखाने उभे राहत गेले, रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागल्या, पण त्या पट्टीवर उभं राहिलं की आभाळ अख्खं दिसायचं. "ही पट्टी आपली," तू म्हणायचास.

"तुझी," मी म्हणायचो. "तुझी आणि सोपानची."

"आपली म्हणतोय न्हवं मी?"

दत्तू, हे वाक्य तुझं आहे. मी कधी मागितलं नव्हतं.

मी निवृत्त झालो, पिंपळे सौदागरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो, आणि त्याच सुमारास माझा उजवा अंगठा थरथरायला लागला. सारखा नाही. रिमोटची काडी धरून बराच वेळ गेला की. बायकोला, मंगलला, मी सांगितलं नाही, ती लगेच डॉक्टरकडे नेईल आणि विमानं बंद करायला लावेल. मुलाला सांगितलं नाही. तुला सांगितलं. महाळुंग्याच्या चौकात चहा पीत होतो. तू माझ्या हातातल्या कपाकडं बघितलंस.

"चहा सांडत न्हाई ना?"

"नाही."

"मग चांगला हाय की हात."

एवढंच बोललास आणि दुसरा चहा सांगितलास. मला त्या दिवशी किती हलकं वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. पुढच्या वेळेपासून माझं विमान उतरायला लागलं की तू माझ्या शेजारी येऊन उभा राहायचास. मला तेवढं पुरायचं.

मग मी ते मोठं विमान करायला घेतलं. दोन मजली पंखाचं, जुन्या धर्तीचं. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या एकेक पट्टीला पॉलिश पेपर मारत दिवस काढले. मंगल म्हणायची, घरभर भुसा झालाय, खिचडीतसुद्धा येतोय. संक्रांत झाल्यावर मी वरच्या पंखाचा सांगाडा चादरीत गुंडाळून तुझ्याकडं घेऊन आलो. इंजिन ठरवायचं होतं. मला फोर स्ट्रोकच हवं होतं, एकशेवीसचं. मी मनात तयारी करून आलो होतो की तू टू स्ट्रोकसाठी भांडशील, त्याहूनही मोठं घे म्हणशील, आणि दुपार मजेत जाईल.

तू ओसरीवर बसला होतास. सोपान खांबाला टेकून उभा होता. तू सांगाडा उचललास, उन्हात धरलास, एकेका फासळीवरून बोट फिरवलंस.

"लई देखणं केलंस," म्हणालास. मग खाली ठेवलंस. "पण एवढं मोठं कशाला?"

मला वाटलं थट्टा करतोयस. "एकशेवीस बसवायचंय म्हणून."

"नको. हे ऱ्हाऊ दे. छोटं कर एखादं. पंधराचं इंजिन घे. हातानं फेकायचं, कुठंबी गवतात उतरवायचं."

"पट्टी असताना गवतात कशाला?"

सोपाननं मोबाईल काढला आणि फोन आल्यासारखं करून अंगणात गेला. फोन वाजला नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्याचा अर्थ कळला नाही.

"दत्तू, तुला जन्मात लहान इंजिन आवडलेलं नाही. आज काय झालं?"

"माझं न्हाई, तुझं म्हणतोय."

"माझं काय?"

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. सांगाड्याकडं बघत म्हणालास, "तुझा अंगठा ऱ्हायला न्हाई पहिल्यासारखा, इलास. मोठं विमान तुला आवरणार न्हाई. कुणाच्या तरी अंगावर घालशील."

मी चादर गुंडाळली. वहिनी चहा घेऊन येत होत्या, त्यांना म्हणालो, गडबड आहे. तू उठून फाटकापर्यंत आला नाहीस. गाडी चालवताना अख्ख्या रस्त्यानं मी माझ्या हाताकडं बघत होतो, स्टिअरिंगवर तो थरथरतोय का म्हणून. थरथरत होता. रागानं की आजारानं, कुणास ठाऊक.

मी यायचं बंद केलं. रविवारी घरात बसून राहायचो. मंगलनं विचारलं, भाऊजींशी भांडलात का, तर नाही म्हणालो. भांडण झालंच नव्हतं. जे मी तुला एकट्याला विश्वासानं सांगितलं होतं, ते तू मला तोंडावर, सोपानच्या कानावर जाईल असं, परत केलं होतंस.

गुढीपाडव्याला तुझा फोन आला. दोघांच्या घरच्यांची चौकशी झाली. कांदा, ऊन, सगळं झालं. मग तू विचारलंस, "इंजिन घेतलंस का?"

"घेतलं."

"कुठलं?"

"मोठं. एकशेवीस."

मग म्हणालास, "बरं केलंस." आणि फोन ठेवलास. मला वाटलं, हे तुझं नमतं घेणं आहे. आणखी थोडे दिवस ताणायचं आणि मग विमान घेऊन तुझ्या दारात उभं राहायचं, असं मी ठरवलं होतं. नवं इंजिन नुसतं चालवून मुरवायला घेतलं होतं, गच्चीवर, सोसायटीच्या लोकांच्या शिव्या खात. ते पुरतं मुरायच्या आत सोपानचा फोन आला, दादा गेला म्हणून.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या झाडावर बसून बघत होते. एकेक जण पुढं होऊन बोलत होता. तुझा जावई म्हणाला, पोरीला काही कमी पडू देणार नाही. चुलते म्हणाले, घराकडं आम्ही बघतो. ऊन वाढत चाललं होतं. शेवटी सोपान पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "दादा, जागेचं इलासभाऊला मी सांगतो. आजच सांगतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला काही कळेना. थोड्या वेळानं एक कावळा उतरला. सोपानच्या बोलण्यानं उतरला की लोक मागं सरकले म्हणून, ते मी सांगू शकत नाही.

जेवणं झाल्यावर मी सोपानला बाजूला घेतलं. "कुठली जागा?"

तो गाडीत बसवून मला वावराकडं घेऊन गेला. रस्त्यापासून पत्र्याचं उंच कुंपण लागलं होतं. फाटकावर वॉचमन. आत मुरूम टाकून सगळं सपाट केलेलं, मधोमध खांबांसाठी खड्डे आणि त्यातून वर आलेल्या सळया. कांद्याचं वावर कुठं संपत होतं आणि पट्टी कुठं सुरू होत होती, मला ओळखता आलं नाही.

"गोडाऊन व्हतंय," सोपान म्हणाला. "भावकीत सगळ्यांचं ठरलं. दादा एकटा किती आडून बसणार?"

"कधी ठरलं?"

"सह्या दिवाळीच्या आधीच झाल्या. ताबा नंतर दिला. दादा म्हणला, इलासला मी सांगतो, तुमी कुणी बोलू नका. तुमी पंख आणला त्या दिवशीबी त्यानं सांगितलं न्हाई, हे मला पाडव्याला कळलं."

दिवाळीच्या आधी. दत्तू, दिवाळीनंतरही आपण त्या पट्टीवर उडवत होतो. एका रविवारी चाक खड्ड्यात जाऊन माझं विमान कलंडलं, तर तू घरून फावडं आणलंस, माझ्यासमोर तो खड्डा भरलास आणि वर पाय आपटून दाबलास. म्हणालास, "झालं. आता पुढच्या पावसापर्यंत बघायला नको." दिलेल्या जमिनीतला खड्डा भरत होतास तू. मी बाजूला उभा राहून तुझं कौतुक करत होतो.

आणि संक्रांतीनंतर मी पंख घेऊन आलो तेव्हा तुला सगळं माहीत होतं. एवढ्या मोठ्या विमानाला लांब पट्टी लागते आणि ती आता नाही, हे एक वाक्य होतं. ते तुझ्या तोंडातून निघेना, म्हणून तू लहान इंजिन घे म्हणालास. मी कारण विचारलं तेव्हा जे हाताशी होतं ते उचललंस. माझा अंगठा.

वावरावरून परत घरी आलो तर वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं. म्हणाल्या, "लई दिवस झोप नव्हती त्यास्नी. मी म्हणायची, सांगून टाका एकदा. तर म्हणायचे, जागा गेली तर इलास कशाला येतोय हितं?"

मी म्हणालो, "वहिनी, मी जागेसाठी येत होतो का?"

"मला म्हाईत हाय भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यांनाबी म्हाईत असंल. पण भ्याले."

त्यांनी तुझी इंजिनं घेऊन जा म्हणून आग्रह केला. तू प्रत्येक इंजिन तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतंस, त्या दाखवायला लागल्या. मी म्हणालो, नंतर बघू.

तू भ्यालास. मंगलच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर माझ्याआधी येऊन बसलेला तू. माझं विमान बाभळीत अडकलं तर अंगभर काटे घेऊन खाली उतरलेला तू. माझ्या मुलाला नोकरी नव्हती तेव्हा, मला न सांगता, तो रोज जेवतोय का हे त्याला फोन करून विचारणारा तू. हे सगळं मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच मला हे सोसवत नाही. परक्या माणसानं असं केलं असतं तर मी चार लोकांत सांगून मोकळा झालो असतो.

तू सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मला वाईट वाटलं असतं. पट्टीवर उभं राहून शेवटचं एक उड्डाण केलं असतं, बहुतेक दोघंही रडलो असतो. मग तुझ्या गाडीत बसून नवीन जागा शोधत हिंडलो असतो, शिक्रापूरकडं, खेडकडं, जिथं मिळेल तिथं. तुझ्याबरोबर हिंडायचे ते सगळे रविवार तू माझ्याकडून काढून घेतलेस. मी यायचं बंद करीन म्हणून तू गप्प बसलास, आणि मी यायचं बंद केलं ते तू गप्प राहण्यासाठी जे बोललास त्यामुळे.

परवा सोपानचा फोन आला. त्याच्या मेव्हण्याचं वावर मोकळं झालंय, खेडच्या पुढं. म्हणाला, इलासभाऊ, विमान आणा, मी येतो. मला जायचं नव्हतं. मंगल म्हणाली, जा, नाहीतर ते विकून टाका, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. म्हणून गेलो.

सोपाननं शेपटी धरली. एकशेवीस पहिल्याच फेऱ्याला सुरू झालं. जमिनीवरून सुटायला त्यानं फार वेळ घेतला नाही. दोन पंखांचं ते विमान उन्हात वळलं तेव्हा सोपान आपोआप दोन पावलं पुढं गेला. मी दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला अंगठा जाणवायला लागला, म्हणून खाली आणायला घेतलं. बरोबर रांगेत येत होतं. टेकायच्या आधी एक पंख खाली गेला, मी सावरला, चाकं आपटून ते एकदा उसळलं, आणि मग थांबलं. काही मोडलं नाही.

"झकास," सोपान म्हणाला. तो काहीही झालं असतं तरी झकासच म्हणाला असता.

मी विमानापाशी जाऊन पंख चाचपला. पंख खाली गेला तो वाऱ्यानं की माझ्या हातानं, हे मला कळलं नाही. वारा होता थोडा. तू शेजारी असतास तर तुला कळलं असतं. संक्रांतीनंतर जे बोललास ते नुसतं जागेसाठी रचलेलं होतं की तुला माझा हात खरंच गेलेला दिसत होता, हे विचारायला आता कुणी नाही. आणि तू असतास, सांगितलं असतंस, तरी मी ते खरं मानलं असतं का, तेही आता मला सांगता येत नाही.